टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही: खानदेशातल्या वाचनालयांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि संचालक,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतली सर्व सार्वजनिक वाचनालयं

सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिन आला, वाचन प्रेरणा दिन आला, की वाचनालयात सतरंजी अंथरली जाते, प्रतिमेला हार पडतो आणि कोणीतरी पाहुणे सांगतात की साहित्य समाजातल्या ढोंगावर आणि अन्यायावर बोट ठेवतं. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत ढोंग करणारेही असतात, अन्याय सोसणारेही असतात, आणि दोघांनाही त्या वाक्याचा काडीचा त्रास होत नाही. ज्या पुस्तकांच्या जिवावर पाहुणे बोलतात ती त्याच खोलीत काचेच्या कपाटात, कुलपात असतात. त्यांतली चार पानं त्या सभेत मोठ्यानं वाचली असती तर निम्मी सभा चुळबुळली असती.

आमची मागणी एवढीच की महिन्यातून एकदा दीड तास ती चार पानं वाचली जावीत. कोणती, कशी, कोणी वाचायची आणि त्यात काय काय बिघडतं हे खाली सविस्तर लिहीत आहोत. नुसतं ‘वाचनगट सुरू करा’ म्हटलं की ठराव होतो, फोटो निघतो आणि दोन-तीन बैठकांत गट आटोपतो, हे आपणही जाणता.

सुरुवात आपल्याच भागातल्या एका मजकुरापासून करू. १९२९ साली मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. धुळ्याच्या रेल्वेफाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परतले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन हजर होती, मुक्कामाचा आग्रह झालेला होता. स्टेशनाबाहेर भाड्याचे टांगे उभे होते. तरी तासभर कोणी हललं नाही आणि का हलत नाही हे पाहुण्याला कळेना. शेवटी टांगा आला. निघून दोनशे पावलंही झाली नसतील तोच तो मोटारीवर आदळता आदळता राहिला. पोलीस ओरडला म्हणून निभावलं. पुढे नदीवरच्या फरशीला, म्हणजे ठेंगण्या पुलाला, कठडे नव्हते, कडेला अंतरा-अंतरावर दगड तेवढे लावलेले. तिथं वळताना घोडा उधळला, चाक दगडावर आपटलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. त्यांच्या पायाचं हाड मोडलं.

खरी गोष्ट मागाहून कळली. अस्पृश्य उतारू घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्यानं पायी यावं हे महारवाड्याला पटेना. म्हणून तडजोड निघाली: टांगा भाड्यानं मिळेल, हाकायला माणूस तुमचा तुम्ही आणा. त्यांनी आपल्यातला एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता.

हा मजकूर बाबासाहेबांच्या आठवणींच्या छोट्या टिपणात आहे. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या १२व्या खंडात तो सापडतो आणि त्याचे मराठी अनुवादही मिळतात. आम्ही तो पहिल्या बैठकीसाठी सुचवतो. चाळीसगाव आपलं आहे हे त्याचं एक कारण. दुसरं असं की लेखणी ढोंग कशी उघडी पाडते याचा इतका स्वच्छ नमुना शोधून मिळायचा नाही.

त्यात शिवी नाही, आवाज चढवलेला नाही. टांगेवाल्याचं नावसुद्धा नाही. आहे तो हिशेब. टांगा विटाळत नाही, घोडा विटाळत नाही, भाड्याचे पैसे तर मुळीच विटाळत नाहीत. विटाळतो तो फक्त लगाम धरणाऱ्याचा हात. नियम म्हणून जे सांगितलं जातं ते पैशाच्या जागी वाकतं आणि माणसाच्या जागी ताठ उभं राहतं. नेमकी कुठे रेघ ओढली होती हे लेखकानं दाखवलं आणि तो थांबला. शिवाय आपल्या लोकांनाही त्यानं सोडलेलं नाही. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे यजमानांच्या ध्यानात आलं नाही असंही तो लिहितो. जो स्वतःच्या बाजूचं एवढं लिहितो, त्याचं दुसऱ्याबद्दलचं लिहिणं खोडून काढता येत नाही.

आता हाच मजकूर परीक्षेच्या गाइडात गेला तर त्याचं काय होतं? ‘लेखकाने जातिभेदावर कोरडे ओढले आहेत.’ गुण दोन. टांगा गेला, फरशी गेली, तडजोड गेली, चाळीसगावही गेलं. राहिला ‘जातिभेद’, आणि त्याच्याविरुद्ध तर आपल्या गावात सगळेच असतात. सारांश हा ढोंगाचा सगळ्यात जुना आसरा आहे असं आमचं मत आहे. म्हणून वाचनगटात पहिला नियम हा की सारांश सांगायचा नाही आणि कोणाला विचारायचाही नाही.

मग विचारायचं काय? प्रत्येक उताऱ्याला आम्ही चार प्रश्न लावतो. या घरात, गावात किंवा कचेरीत तोंडानं सांगितला जाणारा नियम कोणता? तो कोणासाठी आणि कशापायी वाकतो? वाकला किंवा न वाकला, की भुर्दंड कोणाला बसतो? आणि सगळं ठाऊक असून गप्प कोण राहतं? उत्तर देणाऱ्यानं दरवेळी पानावर बोट ठेवून वाक्य दाखवायचं. बोट ठेवायला वाक्य सापडलं नाही तर ते मत झालं, वाचन झालं नाही. चाळीसगावच्या उताऱ्यात चौथ्या प्रश्नापाशी नेहमी घोळ होतो. लोक म्हणतात टांगेवाला गप्प. तो गप्प नाही, त्यानं तर अट घातली. गप्प आहेत ते स्टेशनवरचे बाकीचे सगळे, आणि पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून महारवाड्याची मंडळीही. एवढ्या एका मुद्द्यावर अर्धा तास जातो, आणि जाऊ द्यावा.

दुसरा उतारा पारोळ्याचा म्हणता येईल, कारण लेखकाचा जन्म तिथला. हरि नारायण आपटे १८६४ मध्ये पारोळ्यात जन्मले. त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या त्यांच्याच साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. तो संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्यानं मान्य असलेल्या किमान वयाच्या, वादाचा काळ. १८९१ मध्ये कायदा होऊन वय १० वरून १२ वर गेलं आणि त्यासाठी शास्त्रार्थांचे भारे छापले गेले. आपट्यांनी शास्त्रार्थाला हात घातला नाही. त्यांनी यमू नावाच्या मुलीला स्वतःची हकिकत सांगायला बसवलं. लहानपणीची भांडणं, आईचं बोलणं, सासरची कामं, नवऱ्यापाशी शिकलेली अक्षरं, मग वैधव्य, आणि घरच्यांनी मिळून केलेलं तिचं केशवपन. धर्माचं नाव घेणारे सासरचे शंकरमामंजी स्वतः कसे आहेत, हे ती पोर सरळ सांगत जाते. त्यावर टीका करणं तिला सुचतही नाही. टीका वाचणाऱ्याच्या मनात होते, आणि म्हणूनच ती खोडता येत नाही. वाचताना यमूचा आवाज लहान मुलीचाच ठेवा. बुलंद, नाटकी आवाजात वाचलं की वाचणाऱ्याचा राग ऐकू येतो आणि यमूची हकिकत बुडते.

या उताऱ्यानंतर खोलीत एक वाक्य नक्की येतं: ‘ते दिवस गेले आता.’ केशवपन गेलं हे खरंच, ते मान्य करावं. मग विचारावं की गावातल्या मागच्या लग्नात हळद लावायला कोणाला बोलावलं आणि कोणाला मागे उभं केलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. आपल्या गावात तसा ठराव झाला असेल तर त्याची नक्कल आणून उताऱ्याशेजारी ठेवा. ठरावात काय म्हटलंय, हळदीत काय झालं. दोन्ही कागदांना तेच चार प्रश्न.

बहिणाबाई चौधरींचं नाव आपण फार घेतो. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, घराघरात त्यांच्या ओळी टांगलेल्या आहेत. पण टांगलेल्या ओळी नेहमी त्याच दोन-तीन. वैधव्य आल्यावर ज्योतिषाला माझ्या दारी येऊ नकोस, माझं दैव मला कळतं, असं ठणकावणारं त्यांचं गाणं कोणत्या दिनविशेषाला म्हणतात? अक्षरओळख नसलेली, शेतात राबणारी बाई नशिबाचा धंदा करणाऱ्याला दारातून परत पाठवते आहे. १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपानं आली तेव्हापासून ते गाणं छापील आहे. ज्या वाचनालयाच्या सूचनाफलकावर वास्तुशास्त्राच्या शिबिराची जाहिरात लागते तिथं ते मुद्दाम वाचावं. (जाहिरात काढू नका. वाचन होईपर्यंत राहू द्या.)

आणि आता आपल्या अंगावर येणारा उतारा. शहादा तालुक्यातल्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता छोटी आहे. आम्ही स्टेजवर गेलो नाही, आम्हाला बोलावलंही नाही, बोटानं जागा दाखवली तिथं बसलो, आणि ते स्टेजवरून आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, असा तिचा रोख. तिच्यात सावकार नाही, फॉरेस्टवाला नाही, पुढारी नाही. आहेत ते आदिवासींच्या कळवळ्यानं बोलणारे लोक, म्हणजे आपण. व्यासपीठ, माइक, पाहुण्यांच्या खुर्च्या, खाली बसलेले श्रोते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. दोन मांडव का लागतात हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी अध्यक्षीय भाषणांआधी ही कविता वाचावी. आमच्या मते या पत्रातला हा सगळ्यात अवघड उतारा आहे, कारण इथं ढोंगी कोण हे शोधायला खोलीबाहेर जावं लागत नाही. तो पहिल्याच बैठकीला घेऊ नका. पाचव्या-सहाव्याला घ्या, गट एकमेकांना सरावला की.

आता बैठकीची व्यवस्था. बारा ते पंधरा माणसं पुरे. वीसच्या वर गेली की चारच बोलतात आणि बाकीचे सभा झाल्यासारखे बसतात. उतारा चार ते सहा छापील पानांचा. दीड तासातली पहिली पंचवीस मिनिटं मोठ्यानं वाचन, मग दहा मिनिटं प्रत्येकानं तोच मजकूर मनात पुन्हा वाचायचा, पुढे पन्नास मिनिटं चार प्रश्न, शेवटची पाच पुढच्या बैठकीचा उतारा ठरवायला. मधली दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात आणि सगळे ती गाळायला बघतात. गाळू नका. मोठ्यानं वाचलेलं ऐकताना माणूस भावनेत वाहतो. मनात वाचताना त्याला टांग्याचं भाडं दिसतं.

दोघांत एक याप्रमाणे सात-आठ प्रती लागतात. सबंध पुस्तकाची झेरॉक्स काढू नका, विकत घ्या. माफक उतारा लोकांसमोर वाचायला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमानं मोकळीक आहे, त्यामुळे परवानगीच्या पत्रव्यवहारात महिने घालवायची गरज नाही. खरेदीबाबत एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मार्च उजाडला की अनुदान खर्ची टाकायच्या घाईत जास्तीत जास्त कमिशन देणाऱ्याकडून गठ्ठे उचलले जातात. त्यात यशाची सूत्रं, राशीभविष्य आणि पाककृती निघतात. संख्या भरते, तपासणी पार पडते. त्याऐवजी वर्षाच्या ग्रंथखरेदीतला पाचवा हिस्सा एप्रिलमध्येच बाजूला काढा आणि तो एकाच पुस्तकाच्या आठ-आठ प्रतींवर खर्च करा. ज्याला ही उधळपट्टी वाटते त्यानं देवघेवीची वही उघडून मागच्या मार्चच्या गठ्ठ्यातली किती पुस्तकं एकदा तरी बाहेर गेली ते पाहावं.

वेळ गावाच्या कामाप्रमाणे. कापूसवेचणीच्या दिवसांत बायका अंधार पडता घरी येतात आणि मग स्वयंपाक, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांची बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवा. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी मजुरीला सुट्टी असते. शेतकऱ्यांना रात्रीच्या विजेची पाळी असते त्या आठवड्यात रात्रीची बैठक ठेवली तर कोणी येणार नाही, आणि मग ‘लोकांना वाचनाची आवड नाही’ असा शेरा वहीत पडेल. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडची कुटुंबं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथल्या वाचनालयानं वर्षभराचा गट करण्यापेक्षा उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा करावा.

बसायचं सतरंजीवर, गोल. अध्यक्षही सतरंजीवर. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्यावी, पण मग ती गोलातच असावी. हार, नारळ, दीपप्रज्वलन काही नको. दीड तासातली वीस मिनिटं त्यातच जातात आणि ज्याच्या हाताला नारळ लागला तो पुढे बोलल्याशिवाय राहत नाही.

वाचणारा कोण हा सगळ्यात नाजूक भाग. दलित लेखकाचं आत्मकथन आलं की गटातल्या दलित माणसाकडे पुस्तक सरकवलं जातं आणि वर ‘तुमचाही अनुभव सांगा’ म्हटलं जातं. यात सहानुभूती वाटते, प्रत्यक्षात साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं केलेलं असतं. विधवेच्या उताऱ्याला विधवेकडे, भिलाच्या कवितेला भिलाकडे बघणं हाच प्रकार. आमचा नियम उलटा आहे. ज्याच्या जातीनं, घरानं किंवा धंद्यानं त्या उताऱ्यात भुर्दंड बसवला आहे, त्यानं तो वाचायचा. जमीनदाराच्या मुलानं सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, पान वाचावं, व्यापाऱ्यानं काट्याचं. ज्यांच्यावर बेतलेलं आहे त्यांना ऐकण्याचा आणि गप्प राहण्याचा पुरा हक्क. ते बोलले तर त्यांच्या मर्जीनं.

अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत लिहिलेलं पान ती बोली घरात बोलणाऱ्यानंच वाचावं, इथं मात्र तडजोड नको. शिकलेला माणूस ती बोली विनोदी कार्यक्रमासारखी वाचतो आणि खोली हसते. रडण्याजोग्या जागी खोली हसली तर दोष लेखकाचा नसतो. शिव्या असलेला उतारा असेल तर आधी सांगून ठेवावं, कोणाला बाहेर जायचं असेल तर जाऊ द्यावं, पण शिवी गाळून वाचू नये. लेखकानं ती ज्याच्या तोंडी घातली आहे तो एरवी कसा गोड बोलतो हे त्याच पानावर असतं, आणि ते दोन सूर शेजारी आल्याशिवाय उताऱ्याचा अर्थ लागत नाही.

बिघाड कुठे होतो? एक तर दुसऱ्याच्या ढोंगाचीच पुस्तकं आवडू लागतात. मराठ्यांना ब्राह्मणांच्या दांभिकतेवरचं, व्यापारी पेठेला पुढाऱ्यांवरचं, शहराला खेड्यावरचं आणि पुरुषांना सासूवरचं. गट रंगतो, हशा होतो, संख्या वाढते. अशी संख्या वाढली की सावध व्हा. उताऱ्यांच्या वर्षाच्या यादीत प्रत्येक हजर माणसाला निदान एकदा अवघडल्यासारखं व्हायला हवं. यादी करतानाच हे तपासता येतं.

दुसरा बिघाड रडण्याचा. यमूच्या पानावर डोळे भरतात, पदर डोळ्यांना लागतो, सगळे हलके होऊन घरी जातात. डोळे भरू द्यावेत, पण त्यानंतर तिसरा प्रश्न विचारल्याशिवाय बैठक उठवू नये: भुर्दंड कोणाला, आणि फायदा कोणाला?

तिसरा बिघाड सगळ्यात घातक. उतारा वाचता वाचता कोणीतरी म्हणतं, ‘हे तर आपल्या अमक्या आप्पांसारखंच झालं.’ नाव निघालं की पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी पारावर बातमी, तिसऱ्या दिवशी आप्पांचा पुतण्या वाचनालयात. बदनामीची भानगड वेगळीच. गटात गावातल्या हयात माणसाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून वहीत लिहून ठेवावा. तो भित्रेपणाचा वाटला तरी पुस्तकाच्याच रीतीचा आहे. चाळीसगावच्या टांगेवाल्याला नाव नाही म्हणून शंभर वर्षं होत आली तरी प्रत्येक वाचणाऱ्याला आपल्या गावचा टांगेवाला आठवतो.

नावाऐवजी कागद आणावेत. हे आम्ही आग्रहानं सुचवतो, कारण यानं गट सगळ्यात जास्त जिवंत राहतो. एक लग्नपत्रिका आणा, ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेली. हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे हे सगळ्यांना पाठ असतं. मग आहेर नको म्हणणाऱ्या पत्रिकेच्या घरात बैठकीला काय काय बोललं गेलं असेल, त्याचा एक पानाचा संवाद लिहायला सांगा, नावं कल्पित. कापसाची काटापावती आणा. सीसीआय, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते, त्यापुढे नाकारते. व्यापारी गावात येऊन करतो त्या खेडा खरेदीत ओलावा कोण मोजतो, कशानं मोजतो, कट्टी (वजनातली कपात) किती जाते आणि ती पावतीवर दिसते का? आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदाराचं साल बदलतं. तोंडी बोलीत काय ठरलं आणि उचलीच्या चिठ्ठीवर काय आलं? केळीचा जाहीर झालेला भाव आणि बागेत हाती पडलेला भाव?

असे कागद वाचायला लागलं की गावातला लिहिणाराही सुधारतो. आपल्याकडच्या कथास्पर्धांत शेतकऱ्याच्या शोषणावर ढीगभर कथा येतात आणि परीक्षक म्हणून त्या वाचणं ही शिक्षा असते, कारण त्यांत शोषण हा शब्द दहा वेळा असतो आणि काटा एकदाही नसतो. स्पर्धेचा विषय ‘माझा आदर्श गाव’ किंवा ‘बळीराजा’ ठेवण्यापेक्षा ‘एक पावती’ असा ठेवून पाहा.

हरकती येतील. पुस्तकानं भावना दुखावल्या, पोरं बिघडतात, वाचनालय राजकारण करतं. तोंडी हरकतीवर निर्णय घेऊ नका. लेखी मागा, आणि त्यात पान क्रमांक व वाक्य मागा. आलेल्या हरकतीवर पुढच्या बैठकीत ते पूर्ण प्रकरण, फक्त ते वाक्य नव्हे, हरकत घेणाऱ्याच्याच उपस्थितीत वाचा. बहुतेक हरकती पान क्रमांक मागितल्यावर विरतात, कारण हरकत घेणाऱ्यानं मोबाइलवर आलेलं एक कात्रण पाहिलेलं असतं. जी उरते ती गंभीर असते आणि तिच्यावर चर्चा व्हायलाच हवी. तोवर पुस्तक फडताळावरून हलवू नका. ‘तात्पुरतं’ आत ठेवलेलं पुस्तक परत बाहेर येत नाही. देणगीदार किंवा संचालकच हरकत घेत असतील तर रीत तीच, एका अक्षराचा फरक न करता. इथं फरक केलात तर पुढच्या महिन्यात गटाला वेगळा उतारा शोधायची गरज पडणार नाही, तुमचंच इतिवृत्त पुरेल.

मंडळाच्या येत्या सभेत मांडण्यासाठी ठरावाचा मसुदा देत आहोत. शब्द बदलले तरी चालतील, आकडे शक्यतो बदलू नयेत.

‘असे ठरले की वाचनालयात दरमहा एक गटवाचन बैठक दीड तासाची घेण्यात यावी. बैठकीत सत्कार, भाषण व अध्यक्षीय समारोप नसावा. ग्रंथखरेदीच्या एकपंचमांश रकमेतून गटवाचनासाठी एका पुस्तकाच्या आठ प्रती याप्रमाणे खरेदी एप्रिल ते जूनमध्ये पूर्ण करावी. पुस्तकावरील हरकत लेखी, पान क्रमांकासह घ्यावी व निर्णय होईपर्यंत पुस्तक देवघेवीत ठेवावे. प्रत्येक संचालकाने वर्षात किमान तीन बैठकांना सभासद म्हणून हजर राहावे व एक उतारा स्वतः वाचावा.’

शेवटचं कलम गाळून उरलेला ठराव मंजूर करण्याचा मोह होईल. कोणता उतारा कोणत्या संचालकाकडे द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवू नका. वाचणाऱ्याचा वर दिलेला नियम तिथंही लावा. इतिवृत्ताची नक्कल सूचनाफलकावर लावलीत तर आम्हाला वेगळं कळवण्याची आवश्यकता नाही.

आपले नम्र,
तिन्ही जिल्ह्यांत वाचनगट चालवणारे काही शिक्षक, ग्रंथपाल आणि सभासद